हजेरी

२००५ साली अमेरिकेत बॉथेलमधल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये खालच्या मजल्यावर एक काळी बाई राहायची. तिचा मुलगा तुरुंगातून सुटून तिच्याकडे आला आणि आमच्या मराठी मंडळींनी त्याच्याविरुद्ध तक्रार करायचं ठरवलं. बैठक माझ्याच घरी भरली, कारण अपार्टमेंटच्या मॅनेजरसमोर बोलायला त्यांना माझं इंग्रजी हवं होतं. तक्रार गेली की पोराला घराबाहेर काढणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याचा गुन्हा काय, तर खिशात सापडलेली गांजाची पुडी. आमच्या ऑफिसातले गोरे शनिवारी तेच ओढतात आणि सोमवारी माझे बॉस होतात.

"यांच्या रक्तातच असतं ते," पुण्याहून काकूंसोबत मुलाकडे आलेले काका म्हणाले. तोंडात माझ्या बायकोने केलेली शेंगापोळी होती.

माझं डोकंच फिरलं. बाईने मला लाँड्रीत सांगितलेलं मी सगळं ऐकवलं. तिचे पणजोबा गुलाम होते. सुटका झाली, तर बिनकामाचा काळा माणूस दिसला की पकडायचा, असा कायदा निघाला. त्यांना पकडलं, कैदी केलं आणि पुन्हा त्याच मालकाच्या कापसात राबायला धाडलं. "रक्तात नाही काका, कायद्यात असतं," मी म्हणालो.

"यार, ती हिस्टरी झाली," काकांचा मुलगा म्हणाला. "इथे आपली मुलं खेळतात. सेफ्टीचा विचार कर ना."

"कसली हिस्टरी? तो पोरगा अजून दर आठवड्याला पॅरोल ऑफिसरपुढे हजेरी देतो. माझे आजोबाही द्यायचे. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, तारांच्या कुंपणाआड. चोरी केली म्हणून नव्हे. इंग्रजांनी आमची अख्खी जातच चोर ठरवली होती म्हणून. दिवसभर गिरणीत राबायचं आणि वर हजेरी."

हे मी अमेरिकेत कुणालाच सांगितलं नव्हतं. वाटलं, माझ्या घरचं खाणारी माणसं आहेत, आता तरी गप्प बसतील.

काकूंची पर्स संध्याकाळपासून दाराजवळच्या खुर्चीवर पडली होती. त्या उठल्या, पर्स घेऊन आल्या आणि मांडीवर ठेवून बसल्या. मग माझ्या बायकोला म्हणाल्या, "पोळी छान झालीय हं."

सोमवारी ते माझ्याशिवाय मॅनेजरकडे गेले. महिन्याभरात पोराला आईचं घर सोडावं लागलं. काकू पुण्याला परत जाईपर्यंत जिन्यात भेटल्या, की मी मुद्दाम पर्सच्या बाजूने जायचो.