उजवीकडं किती भरली?

मंगळवारी सकाळी राजारामपुरीत, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांसमोर बसून मी खिशातून डिजिटल व्हर्नियर काढला आणि टेबलावर ठेवला. पुढे जे झालं त्यातून मी अजून सावरलेलो नाही…

व्हर्नियर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : दोन जबड्यांत वस्तू धरायची, की मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत माप दिसतं. शिरोली एमआयडीसीत माझं आयुष्य या हत्यारावर गेलं. कॉलेजचं तोंड बघितलेलं नाही. लेथपासून सीएनसी मशीनच्या प्रोग्रॅमिंगपर्यंत सगळं स्वतः वाचून, बघून शिकलो, आणि हे मी अभिमानानं सांगतो.

गेल्या वर्षी आमच्या मशीन शॉपमधला, माझ्याच वयाचा मित्र घशाच्या कॅन्सरनं गेला. त्याला फार उशिरा कळलं होतं. मला वेळेत कळलं पाहिजे, एवढं मी मनाशी धरलं… आणि दाढी करताना एक दिवस जबड्याच्या खाली डावीकडे बोटाला गाठ लागली.

मग मोबाईलवर वाचन सुरू. दोन डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हणून सांगितलं, सोनोग्राफी स्वच्छ आली. पण मला वाटायचं, यांनी नीट बघितलंच नाही. म्हणून आरशासमोर उभा राहून मीच मोजायला लागलो. सकाळी, रात्री, मधे कंपनीच्या बाथरूममध्येही. रविवारी ताटात तांबडा-पांढरा रस्सा असायचा आणि मी घास गिळताना अडकतोय का ते बघत बसायचो.

तर, हे तिसरे डॉक्टर. पांढऱ्या मिशांचे, अस्सल गावाकडचे. त्यांनी आधी नाकातून कॅमेरा घालून घसा बघितला, मान सगळी चाचपली, जुनी सोनोग्राफी वाचली. म्हणाले, "काय न्हाय."

मी व्हर्नियर पुढे सरकवला. "साडेतेवीसवरनं पंचवीसवर गेलीय, डॉक्टर. माप आहे माझ्याकडं."

त्यांनी व्हर्नियर उलटासुलटा करून बघितला. "झकास हाय. आणि उजवीकडं किती भरली?"

"उजवीकडं काय नाही."

"काय न्हाय म्हंजे? न्हायच, का मोजलंच न्हाय?"

माझा हात परत डावीकडेच गेला.

त्यांनी माझाच हात धरला आणि माझंच बोट जबड्याच्या उजव्या बाजूला टेकवलं… होती. तशीच. त्याच जागी, तेवढ्याच खोलीवर, तसाच गुळगुळीत गोळा. माझ्या कानातून वाफा निघाल्या.

"लाळेची ग्रंथी हाय पावणं. सगळ्यांना असतीया. मला हाय, ह्या वहिनींना हाय. डावीकडची तेवढी तुमी दाबून दाबून सुजवलीसा."

शेजारी बसलेल्या माझ्या बायकोनं, वैशालीनं, स्वतःच्या जबड्याखाली बोट लावलं. "अगंबाई! मला बी हाय की!"

जोडीनं येणारा पार्ट दुसऱ्याशी ताडून बघितल्याशिवाय मी आजवर रिजेक्ट केलेला नाही. कुणी केला तर शॉप डोक्यावर घेतो. आणि स्वतःच्या मानेची दुसरी बाजू एकदाही बघितली नाही. कुणाला सांगितलं तर पटेल का हे?

निघताना डॉक्टर म्हणाले, "गळा ठीक हाय. पण ह्या भीतीचं औषध माझ्याकडं न्हाय. मानसोपचाराच्या एक मॅडम हायत, नंबर देऊ?"

"मी काय वेडा हाय व्हय?" म्हणून मी उठलो.

खाली चहाच्या टपरीवर आलो. मी स्वतःवरच हसत होतो, हलकं वाटत होतं. वैशाली हसत नव्हती. ग्लास हातात तसाच.

"आता पुढचं काय शोधणार?" तिनं विचारलं. "आदी हार्ट झालं. मग डोकं दुखलं तवा मेंदू झाला. आता गळा."

"अगं, पण आता काय नाही म्हणालेत ना?"

"अहो, मला खरं वाटतं तुमचं." ती रस्त्याकडे बघत बोलत होती. "एवढं वाचणारा माणूस, सगळं मापात करणारा… म्हटलं, ह्यांस्नी कळलं असणार. तुमी गेल्यावर काय करायचं ते मी ठरवून ठेवलंतं. एमआयडीसीतल्या पोरांसाठी मेस काढणार हुते. भाड्याची खोली बी बघून आले."

पायाखालची जमीन सरकली म्हणतात ना… चहा गळ्याशीच थांबला. या वेळी खरोखर.

मला वाटायचं, भीती माझी एकट्याची आहे. मी आरशासमोर, माझा मी. हिला काय कळतंय… आणि इकडे माझ्या माघारी कसं जगायचं, कुठली खोली, किती माणसांचा स्वयंपाक, सगळं या बाईनं एकटीनं ठरवलं होतं. मी मरणाला भीत बसलो होतो. तिनं माझं मरण मनातल्या मनात उरकूनही टाकलं होतं, आणि रोज संध्याकाळी मला जेवायलाही वाढत होती.

ग्लास खाली ठेवला. जिना चढून परत वर गेलो आणि डॉक्टरांकडून त्या मॅडमचा नंबर मागून घेतला. त्यांनी एक शब्द न बोलता लिहून दिला. त्याबद्दल त्यांचे आभार.

आता सगळं छान झालं असं लिहिणार नाही, कारण ते खरं नाही. हात अजून जबड्याकडे जातो. परवा तर दोन्ही बाजूंना गेला…

काल त्या मॅडमकडे जाऊन आलो. इतकी वर्षं मी डॉक्टरांना फक्त दुखणी सांगत आलो. काल पहिल्यांदा भीती सांगितली. बराच वेळ सांगत होतो. त्या हसल्या नाहीत. शेजारच्या खुर्चीत वैशाली होती, तीही हसली नाही.