सिस्टरांचा दुपारचा सिनेमा

सिनेमात माणूस मरायला लागला की सिस्टरांना हसू यायचं. मोठ्यानं नाही, ओढणी तोंडाला लावून, खांदे हलवत. पडद्यावर नायकाच्या मांडीवर डोकं ठेवून त्याचा मित्र शेवटचं बोलत असायचा, संगीत टिपेला पोचलेलं असायचं, आणि इकडे माझ्या वडिलांच्या तळव्यांना तेल चोळता चोळता सिस्टर म्हणायच्या, "पाहा बाबा, छातीत गोळी हाये अन् भाषण देऊन राहिला. मरणाऱ्याले दम पुरत नाही. पाणी मांगते माणूस, बस." बाबांचा चेहरा उजवीकडून लुळा पडला होता. ते डाव्या बाजूनं हसायचे.

त्यांचं नाव वनिता. गाव मूर्तिजापूर. नर्सिंग वगैरे काही शिकलेल्या नव्हत्या. अमरावतीच्या एका ब्युरोनं त्यांना घरी राहून रुग्ण सांभाळायला म्हणून आमच्याकडे पाठवलं होतं. लकव्यानंतर बाबांजवळ जेमतेम दहा-बारा शब्द उरले होते, त्यांतला एक 'सिस्टर'. त्यामुळे आम्हीही त्यांना सिस्टरच म्हणू लागलो. मी कॉलेजात, बायको झेडपीच्या शाळेत. सकाळी दहा ते सहा घरात हे दोघंच. आम्ही बाबांच्या खाटेसमोर भिंतीवर मोठा टीव्ही लावून दिला आणि आपण फार केलं असं समजून कामाला लागलो.

रोज जेवण झालं की एक सिनेमा. संपला की बाबा मान वळवून विचारायचे, "कसा?" हाही त्या दहा-बारांतलाच एक शब्द. मग सिस्टर निकाल द्यायच्या. सुटीच्या दिवशी मीही तिथं खुर्ची ओढून बसत असे, सिनेमासाठी नव्हे, त्या निकालासाठी. दवाखान्यातल्या एका प्रेमकथेवर त्या म्हणाल्या होत्या, "आठ दिवस बेशुद्ध हाये पोरगा, अन् दाढी कशी घोटून केलेली! केली कोनं? चादर कोनं बदलली? ते माणूस कुठीच दाखवत नाही." दुसऱ्या एका सिनेमात नायिका कापूस वेचायला जाते, हातभर बांगड्या घालून. त्यावर, "माह्या मायनं पाहिलं असतं तर म्हटलं असतं, पोरी, बोटं दाखव. बोंडानं फाटली नसतील तर तू वावरात गेलीच नाही." परदेशातल्या एका जोडप्याकडे त्या अडीच तास एकटक पाहत राहिल्या आणि शेवटी विचारलं, "सर, पण हे दोघं काम काय करतात?"

ही वाक्यं मी दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सांगायचो. लोक हसायचे. कोणाची आहेत हे कधी सांगायचो, कधी नाही.

एकच सिनेमा त्यांना मनापासून आवडलेला मला आठवतो. दोन म्हातारे मित्र, एका ओसरीवर बसून भांडतात, जेवतात, पुन्हा भांडतात. त्यात काहीच घडत नव्हतं. मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा बाबांचं "कसा?" विचारून झालं होतं आणि सिस्टर सांगत होत्या, "लय चांगला. कोणी मेलं नाही, कोणाले कोणी सोडून गेलं नाही. असे काहून बनवत नसतील जास्त?"

दर दोन तासांनी त्या बाबांची कूस बदलायच्या. सिनेमा कितीही रंगात आलेला असो, घड्याळाकडे न पाहताच उठायच्या. पाठीला पावडर, कोपराखाली उशी, चादरीची एकही सुरकुती राहू द्यायच्या नाहीत. "सुरकुतीच माणसाले खाते, सर," असं म्हणायच्या. तीन वर्षं बाबा खाटेवर होते आणि त्यांच्या पाठीवर साधा लाल डागसुद्धा नव्हता. डॉक्टर आमचं कौतुक करायचे आणि आम्ही ते घ्यायचो.

मग अकोल्याचं लग्न आलं. माझ्या मेव्हणीच्या मुलीचं. बायकोची महिनाभर तयारी चालली होती. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी सिस्टर स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, आईले भरती केलं मूर्तिजापूरले. भाऊ म्हणून राहिला, येऊन जाय. दोन दिवस जाऊ काय? माही मैत्रीण येईल बदलीवर. ब्युरोतलीच हाये."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "सिस्टर, अनोळखी बाईच्या भरवशावर घर टाकून कसं जायचं? लग्न तेवढं उरकू द्या. आल्यावर मी स्वतः गाडीनं सोडतो तुम्हाला."

"डॉक्टर म्हणतात, चांगलं नाही."

बायको म्हणाली, "अहो, तिथं तुमचा भाऊ आहे ना आईजवळ? इथं बाबांजवळ तुमच्याशिवाय कोण आहे?"

बाबांचा मुलगा आणि सून तिथंच उभे होते. तेव्हा ते आमच्या लक्षात आलं नाही. सिस्टर मग म्हणाल्या, "बरं," आणि बाबांची भाजी कुस्करायला घेतली. गाडीनं सोडतो म्हणालो, याचं मला दिवसभर बरं वाटत होतं.

लग्नाच्या दिवशी दुपारी जेवणाच्या वेळी खिशात फोन वाजला. पाहिलं तर सिस्टर. गोळीचं काही विचारत असतील असं वाटलं. ताटात नुकतं वाढलं होतं. फोन पुन्हा वाजला तेव्हा मी त्याचा आवाज बंद केला. हे मी विसरून केलं नाही. नाव वाचून, समजून केलं. म्हणून ते आजही मला विसरता येत नाही.

पाचच्या सुमारास मी फोन लावला. मागे सिनेमाचा आवाज येत होता, कुठलं तरी गाणं.

"सर, आई गेली."

"कधी?"

"दुपारी. तुमाले फोन केला व्हता." मग जराशानं, "बाबा जेवले. गोळी देल्ली. तुमी कवा येता?"

निघतोच, म्हणालो. पण मुलीची पाठवणी व्हायची होती आणि बायको तिची मावशी. निघेपर्यंत दीड तास गेला. वाटेत मूर्तिजापूर लागलं. अकोल्याहून अमरावतीला येताना ते लागतंच. मी गाडीचा वेग कमी केला. इथंच कुठंतरी त्यांची आई असेल, असं मनात आलं. पण वस्ती कोणती, घर कोणतं, मला माहीत नव्हतं. तीन वर्षांत विचारलंच नव्हतं. मी पुन्हा वेग वाढवला.

घरी पोचलो तेव्हा सिस्टर पिशवी घेऊन बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या. औषधांच्या वेळा कागदावर लिहून तो त्यांनी फ्रिजला चिकटवला होता. मी गाडीची किल्ली पुढे केली, "चला, सोडतो." त्या म्हणाल्या, "आता काय घाई हाये, सर? उन्हाचे दिवस. भावानं लय वाट पाहिली. मंग उरकून टाकलं." आणि एकट्याच निघून गेल्या.

त्या परत येणार नाहीत असं आम्ही धरूनच चाललो होतो. पण वस्तीतल्या विहारात आईचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपून आठव्या दिवशी त्या आल्या. आल्या आल्या बाबांना कुशीवर वळवून पाठ पाहिली. माकडहाडाशी रुपयाएवढी जखम झाली होती. आम्ही दोघं आणि ब्युरोची बदलीवरची बाई, तिघं मिळून ती पाठ आठ दिवस सांभाळू शकलो नव्हतो. सिस्टरांनी गरम पाणी मागितलं.

दुपारचा सिनेमा पुन्हा सुरू झाला. तीच वेळ, तेच स्टूल. सिनेमा संपला की बाबा मान वळवायचे. "कसा?"

"बरा होता, बाबा."

रोज एवढंच. रद्दी सिनेमा असला तरी बरा होता, चांगला असला तरी बरा होता. पडद्यावरची माणसं पानभर बोलून मरत होती आणि सिस्टर हसत नव्हत्या. बाबा दुसऱ्यांदा विचारायचे, "कसा?" डावा हात उचलून तिसऱ्यांदाही. त्या तोंड पुसून द्यायच्या, "खरंच बरा होता." एकदा सिनेमात आईच्या मरणाचा प्रसंग लागला. मी रिमोटकडे झेपावलो. त्या म्हणाल्या, "राहू द्या, सर. बाबा पाहून राहिले."

जखम भरायला दोन महिने लागले. रोज सकाळ-संध्याकाळ त्या ती धुवायच्या, उजेडात नीट पाहायच्या. एका सोमवारी त्यांनी मला बोलावून बाबांची पाठ दाखवली. कातडी गुलाबी, कोरडी, बंद झालेली. "भरली," त्या म्हणाल्या. आणि त्याच सुरात, "आता मी शनिवारपर्यंतच हाये. दुसऱ्या बाईले सारं शिकवून जातो."

बायकोनं समजावलं, मीही. त्या ऐकून घेत होत्या आणि नव्या बाईला चादर ताणायला शिकवत होत्या.

शनिवारी त्यांचा भाऊ मोटरसायकलवर न्यायला आला. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होतो. आत या म्हटलं, तो आला नाही. पाणी विचारलं, नको म्हणाला. आत बाबांनी डाव्या हातानं सिस्टरांचं मनगट धरून ठेवलं होतं आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लकव्याच्या माणसाला रडू लवकर येतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सिस्टरांनी त्यांचं तोंड पुसलं, एकेक बोट सोडवलं, हात चादरीखाली ठेवला.

फाटकापाशी मी त्यांना गाठलं. दोन महिने जे बोलायचं होतं ते आत्ता नाही तर कधीच नाही, असं वाटलं.

"सिस्टर, त्या वेळी आमचं चुकलं."

जाऊ द्या सर, असं त्या म्हणतील, याची मला खात्री होती. त्यासाठीच मी बोललो होतो.

त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं. "हो," त्या म्हणाल्या. "चुकलंच."

मग पिशवी मांडीवर घेऊन त्या मागे बसल्या आणि भावाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "चाल रे, ऊन व्हायच्या आत पोचू."