तेराव्या दाराचा पहारेकरी

माझ्या धाकट्या भावाला सगळे मौनी म्हणतात. हे नाव तो नऊ वर्षांचा असताना मी ठेवलं आणि निव्वळ थट्टेने ठेवलं. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण मध्यंतरी त्याने ते फारच मनावर घेतलं होतं. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. आईच्या पन्नासाव्या वाढदिवसाला आम्ही गुपचूप भिंतीवरचं घड्याळ आणलं होतं, तर हा आठवडाभर आधी तिला जाऊन म्हणाला, "तुला घड्याळ आवडलं नाही तरी ताईसमोर तसं दाखवू नकोस हं." वर मलाच येऊन सांगितलं की मी सगळं नीट सांभाळून घेतलंय.

आमचं कुलूप-किल्लीचं दुकान आहे. दुकान म्हणजे दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावरची एक अरुंद खोली. एका भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या, काउंटरवर किल्ली कापायचं मशीन, मशीनखाली पितळेचा भुगा, आणि आतल्या कोपऱ्यात अप्पांचं स्टूल. मशीनवर मी बसते. किल्ली आत विसरून दार ओढून घेतलेल्या लोकांकडे मौनी पेटी घेऊन जातो. आणि चाळीस वर्षं हे दुकान चालवलेले अप्पा, आमचे वडील, स्टुलावर बसून असतात. दोन वर्षांपूर्वी त्यांचे हात थरथरायला लागले. अजूनही गिऱ्हाइकाने कुलूप आणलं की ते कानाजवळ धरून हलवतात, "तिसरी पिन अडकलीय," म्हणतात आणि माझ्याकडे सरकवतात. स्वतः हात लावत नाहीत. सुरुवातीला मी मुद्दाम सोपी कुलुपं त्यांच्यापुढे ठेवायचे. एकदा त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की पुन्हा माझी हिंमत झाली नाही.

अप्पांचा दुकानात एकच नियम आहे. कोणाच्या घरचं कुलूप सुटलं की कारागिराने दोन पावलं मागे यायचं आणि पाठ फिरवायची. दार मालकाने लोटायचं. आत काय आहे ते आपण बघितलंच नाही, तर बाहेर सांगायचा प्रश्नच येत नाही. मौनीकडे बघूनच हा नियम केला असावा असा माझा संशय होता, पण अप्पा म्हणतात त्यांच्या वडिलांच्या वेळेपासूनचा आहे.

तर अशा घरात तो खेळ आला. 'रिकामी बिऱ्हाडं' त्याचं नाव. दोघी बहिणींनी एका खोलीत बसून चार वर्षांत केलेला, कॉम्प्युटरवर खेळायचा. एक इमारत रिकामी झालेली असते आणि तिच्या रखवालदाराने, म्हणजे आपण, एकेक बिऱ्हाड उघडून बघायचं असतं. बारा दारं वर आणि तेरावं जिन्याखाली. कुलुपं कानाने उघडायची. एक बटण दाबून ठेवायचं, आत पिन सरकल्याचा बारीक आवाज येतो, बरोबर त्या क्षणाला बोट उचलायचं. तेरावं दार इतकं अवघड की हजारातल्या एखाद्यालाच जमतं. आणि खेळ सुरू होताना त्या दोघींनी चार ओळी लिहिल्या आहेत: "तेराव्या दारामागे काय आहे, ते कृपा करून कोणाला सांगू नका, दाखवू नका. आम्ही ते चार वर्षं सांभाळलं. जे अजून जिन्यात आहेत त्यांच्यासाठी आता तुम्ही सांभाळा."

माणसांनी ते सांभाळलंही. खेळाच्या चाहत्यांचा एक ग्रुप होता. लोक तिथे आवाजांबद्दल बोलत, अडलेल्याला थोडंसं सुचवत आणि तेराव्या दाराचा विषय निघाला की हसून गप्प बसत. सगळं सुरळीत चाललं होतं. मग आमचे चिरंजीव तिथे दाखल झाले.

महिन्याभरात तो अॅडमिन झाला. कसा, ते मला विचारू नका. बाकीचे कामाधंद्याची माणसं होती आणि हा दिवसभर हजर होता, एवढंच. ग्रुपचे तीन नियम होते, त्याचे याने सत्तावीस केले. एकाने लिहिलं, "शेवट फार आवडला." मौनीने त्याला काढून टाकलं, कारण त्यातून शेवट आहे हे कळतं. एका बाईंनी नुसता रडका चेहरा टाकला, तर नियम एकोणीस तयार झाला. तो असा: "रडका चेहरा टाकू नये, कारण तेराव्या दारानंतर रडू येतं हे त्यावरून उघड होतं." हा नियम सगळ्यात वर, ठळक अक्षरात, येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला दिसेल असा लावलेला. मी म्हटलं, "अरे, त्या बाईंचं कोणाच्या लक्षात तरी आलं असतं का?" तर म्हणाला, "ताई, तुला यातली जबाबदारी कळायची नाही."

आता एक गंमत सांगते. स्वतः मौनीला तेरावं दार कधी उघडता आलंच नव्हतं. नवव्या दारापाशी त्याचे कान संपले. मग आत काय आहे हे त्याला कसं ठाऊक? तर अॅडमिन म्हणून. कोणी खोडसाळपणे आतलं सगळं दाखवणारा व्हिडिओ टाकला, की तो नियमात बसतो का हे तपासायला हा तो व्हिडिओ शेवटपर्यंत बघायचा. असे सहा व्हिडिओ त्याने पूर्ण पाहिले आणि मग काढून टाकले. चोरीची भाजी आहे का हे ठरवायला पहारेकऱ्याने ती घरी नेऊन शिजवून खावी, तशातला प्रकार.

एका गोष्टीचं माप मात्र त्याच्या पदरात टाकायला हवं. एका दुपारी त्याने लॅपटॉप अप्पांच्या स्टुलासमोर ठेवला, त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले आणि म्हणाला, "अप्पा, हे कुलूप बघा जरा." अप्पांनी आधी तोंड वाकडं केलं. मग ऐकलं. मग डोळे मिटले. थरथरणारं बोट बटणावर टेकलेलं आणि चेहरा असा, जसा मी दोन वर्षांत पाहिला नव्हता. पहिलं दार चार मिनिटांत सुटलं. अप्पा म्हणाले, "जुनं पितळी कुलूप आहे. पोरींनी खरं कुलूप ऐकलंय." त्या दिवसापासून रोज दुपारी जेवणानंतर तासभर ते खेळायचे. बारा दारं दोन महिन्यांत झाली आणि ते जिन्याखाली येऊन थांबले. तेरावं काही केल्या सुटेना. सुटेना म्हणून ते खूश होते. "एवढं उघडलं की झालं," असं ते रोज म्हणायचे. ते स्वतःच्या हाताने उघडायचं आणि आत काय आहे हे आधी कोणाकडून कळू द्यायचं नाही, एवढाच त्यांचा हट्ट. सहा महिन्यांपूर्वी त्यांना कसलाच हट्ट उरला नव्हता, त्यामुळे मला त्या दाराची काळजी वाटायला लागली.

मौनीने अर्थातच त्या बहिणींना ई-मेलवर पत्र लिहून हे कळवलं, की माझे वडील खरे कुलूपवाले आहेत आणि तुमचं कुलूप कानाने उघडतायत. त्यांचं उत्तर आलं: "त्यांनी तेरावं उघडलं की नक्की कळवा. आम्ही वाट बघतोय." हे पत्र त्याने मला अकरा वेळा वाचून दाखवलं.

आणि मग त्याने यादी केली.

त्याचं म्हणणं होतं की नियम सत्तावीस झाले तरी लोकांना नेमकं काय बोलायचं नाही हे कळत नाही. म्हणून न बोलायच्या शब्दांची यादी. ती यादी मी इथे देणार नाही, पण समजावं म्हणून दुसरी बनवून सांगते. समजा दारामागे एक पेटी आहे आणि पेटीत रखवालदाराच्या मेलेल्या भावाचा कोट आहे. तर मौनीची यादी अशी झाली असती: "पुढील शब्द क्रमाने वर्ज्य आहेत. एक, पेटी. दोन, कोट. तीन, भाऊ. चार, मेलेला. पाच, 'म्हणजे रखवालदाराला आधीपासून माहीत होतं तर.'" खरी यादी चौदा ओळींची होती आणि घटना घडतात त्याच क्रमाने होती. शोधायला सोपं पडावं म्हणून.

ती त्याने ग्रुपमध्ये सगळ्यात वर लावली. तेवढ्यावर थांबला असता तर तो मौनी कसला. दुकानात येणाऱ्यांपैकी दोघं-तिघं हा खेळ खेळणारे होते. अप्पांसमोर त्यांच्या तोंडून काही निघू नये म्हणून त्याने ती यादी मोठ्या टायपात छापली आणि कोऱ्या किल्ल्यांच्या भिंतीवर, अप्पांच्या स्टुलाच्या बरोबर समोर चिकटवली. सकाळी नऊला.

मी त्या दिवशी बँकेतून दुपारी बाराला आले. भिंतीवर कागद दिसला, वाचला. खेळाला मी आजवर हात लावलेला नाही, तरी चौदाव्या ओळीपर्यंत मला अख्खा शेवट कळला होता. अप्पा नेमके हात धुवायला मागे गेले होते.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"खबरदारी," मौनी म्हणाला.

"कोणासाठी?"

"अप्पांसाठी. त्यांना कळू नये म्हणून."

"एकदा मोठ्याने वाच."

त्याने वाचायला सुरुवात केली. सहाव्या ओळीपर्यंत आवाज खणखणीत होता. आठवीला मंदावला. दहावीला तो थांबला, आणि माझ्या भावाचा चेहरा इतका पांढरा झालेला मी जन्मात पाहिला नाही. त्याने कागद ओरबाडून काढला, तर खालचा रंगही निघाला.

त्याच दुपारी बहिणींचं पत्र आलं. एक वाईट शब्द नव्हता त्यात. "तुम्ही आमच्यासाठी किती झटता ते दिसतं. तेवढी यादी काढाल का? आज सकाळपासून नऊ जणांनी कळवलंय की त्यांना शेवट आवडला. त्यांच्यापैकी सात जणांनी खेळ घेतलेलाच नाही." मला विचाराल तर त्यांनी चांगलं झापायला हवं होतं. माझ्या हातात असतं तर मी ते सत्तावीस नियम त्याला उभं राहून पाठ म्हणायला लावले असते.

पण खरा प्रश्न भिंतीवरच्या कागदाचा होता. अप्पा नऊ ते बारा त्याच्यासमोर बसले होते. चष्मा कधी लावतात, कधी नाही. वाचलं की नाही वाचलं? विचारायची सोय नव्हती, कारण "अप्पा, तो कागद वाचलात का," एवढं विचारलं की कागदात काहीतरी होतं हे कळलंच. जन्मात पहिल्यांदा मौनीच्या पोटात एक गोष्ट राहिली आणि ती त्याला झेपेना. ग्रुपमधली यादी त्याने काढली आणि तिथलं काम दुसऱ्या कोणाला देऊन टाकलं. घास तोंडात धरून बसायचा. दुपारी अप्पा हेडफोन चढवायचे, तेव्हा हा किल्ली घासायची कानस हातात घेऊन त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत राहायचा. चेहऱ्यावर काही नव्हतं. रोजच्यासारखेच डोळे मिटलेले.

असे सतरा दिवस गेले. अठराव्या दिवशी तीनच्या सुमाराला मी मशीन बंद करून भुगा झाडत होते. अप्पांनी बोट उचललं. हेडफोन काढले आणि काउंटरवर ठेवले. स्टुलावरून उतरले, दोन पावलं मागे आले आणि लॅपटॉपकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

"सुटलं," ते म्हणाले.

मौनी पुढे झाला. "अप्पा, आत बघा ना. एवढे दिवस थांबलात."

"काय बघायचंय. भिंतीवर लावलं होतंस ना तू."

मौनी खालीच बसला, पितळेच्या भुग्यात.

"कधी वाचलंत?" त्याने विचारलं.

"सव्वानऊला. तू चिकटवताना वाकडं चिकटवलंस, म्हणून बघितलं."

"मग बोलला का नाहीत? आणि मग खेळत कशाला बसलात इतके दिवस?"

"कुलूप उघडायचं राहिलं होतं," अप्पा म्हणाले. "ते कागदावर नव्हतं." मग, अजून पाठ फिरवलेलीच, म्हणाले, "त्या पोरींना मात्र यातलं काही कळवू नकोस. चार वर्षं सांभाळलं त्यांनी. मला आधीच कळलं होतं म्हणून वाईट वाटेल त्यांना."

मला रडू आलं. मी ब्रश घेऊन मशीनखाली वाकले आणि तिथे नसलेला भुगा झाडत बसले.

बहिणींना उत्तर द्यायचं तर होतंच, त्या वाट बघत होत्या. मौनी तासभर मोबाईल घेऊन बसला. लिहायचा आणि पुसायचा. मला वाटलं, आता हा पान-दोन पानं माफीनामा लिहिणार आणि त्यात सगळं ओकणार. शेवटी त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. लिहिलं होतं: "अप्पांनी आज तेरावं दार उघडलं. कानाने. आत काय आहे याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत."

मी दोनदा वाचलं. त्यात खोटं काही नव्हतं आणि उघडही काही नव्हतं. "पाठव," मी म्हटलं.

त्याने शेवटी एक रडका चेहरा टाकला आणि पाठवायला बोट उचललं.

"नियम एकोणीस," मी म्हटलं. त्याने तो मुकाट्याने पुसला.