प्लॉटनं मारलेली उडी

अधारतालला बाबांनी प्लॉट घेतला तेव्हा मी आठवीत होते. बाबा मूळचे विदर्भातले, इथे या हिंदी मुलखात कारखान्यात फिटर. प्लॉटचे कागद इंग्रजीत टाइप केलेले. ते माझ्यापुढे ठेवून बाबा म्हणाले, "वाच. शाळेत इंग्रजी शिकून राहिली ना?"

'बाउंडेड ऑन द नॉर्थ बाय रोड'पाशी मी अडले. बाउंडेड म्हणजे उडी मारली, एवढंच मला ठाऊक. धड्यातलं हरीण तसं करायचं. मी ठोकून दिलं, "प्लॉटनं उत्तरेला रस्त्याजवळ उडी मारली."

"प्लॉट काहून उडी मारल?" बाबा गंभीरपणे म्हणाले आणि त्यांनी मला प्लॉटच्या शेजाऱ्यांकडे पाठवलं.

तिथे इंग्रजीचे निवृत्त मास्तर राहत. सगळे त्यांना मास्टरजी म्हणत. ते हसले नाहीत. पाटीवर त्यांनी एकाखाली एक लिहिलं: बाउंड म्हणजे उडी, बाउंड म्हणजे बांधलेला, बाउंड म्हणजे कुठेतरी निघालेला. "और बाउंड्स यानी हद," ते म्हणाले. "तुम्हारा प्लॉट इन चीज़ों से घिरा है, बस." मग पुढचा कागद वाचता वाचता त्यांनी एक ओळ पुन्हा वाचली. पूर्वेला त्यांचंच घर होतं, आणि आमची रुंदी चाळीस फूट लिहिलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते टेप घेऊन आले. बाबांनी एक टोक धरलं. पश्चिमेच्या खुणेपासून त्यांच्या भिंतीपर्यंत साडेअडतीस फूटच भरले.

"भैया, दीवार मेरी ग़लत है. डेढ़ फुट आपकी ज़मीन में."

बाबा संकोचले. "राहू द्या जी. दीड फुटानं काय होते?"

"कल बच्ची को हद का मतलब मैंने ही पढ़ाया है," मास्टरजी म्हणाले. "अब उसके सामने कैसे मुकर जाऊँ?"

त्यांनी स्वतः सांगितलं नसतं तर आम्हाला ते कधीच कळलं नसतं. आठवड्याभरात भिंत पाडली गेली. रविवारी बाबांनी त्यांच्याबरोबर विटा वाहिल्या, आईनं दोघांना चहा नेऊन दिला. नवी भिंत उभी राहिली तेव्हा बाबांनी मास्टरजींना विचारून मधोमध एक लहानसं फाटक ठेवलं.

त्या फाटकातून मी मॅट्रिकपर्यंत रोज संध्याकाळी इंग्रजी शिकायला गेले. पुढे मीही शाळेत इंग्रजीच शिकवलं. एखादं वाक्य नीट उलगडलं आणि मुलांचे चेहरे खुलले, की मनातल्या मनात मी मास्टरजींना नमस्कार करायची.