वच्छीची वेणी आणि कुत्र्याच्या केसांचा ब्रश

वच्छी मेली, हे मला फोनच्या स्टेटसवरून कळलं.

फोटो, हार, खाली दोन मेणबत्त्या. एवढं सगळं करायला वेळ होता. मला एक फोन करायला नव्हता.

असो. ह्या ग्रुपवरच्या सगळ्यांना नमस्कार.

मी कौसल्या. वच्छी म्हणजे वत्सला. नव्वदनंतरची गोष्ट. वालचंदनगरच्या कॉलनीत आम्ही दोघी एकाच साहेबांच्या बंगल्यावर कामाला होतो. मी स्वयंपाकाला, ती झाडलोटीला. बंगल्यामागची एक खोली तिला राहायला दिलेली. नवरा, सासू, तान्ही लेक सुनीता, सगळे त्या एका खोलीत.

काम गेलं की खोली गेली.

आता इथं फोटोखाली सगळे लिहितायत, "किती शांत बाई होती."

शांत कसली. भ्यायलेली होती. कशाला, ते मला माहीत आहे.

साहेबांनी परदेशातून व्हॅक्यूम क्लीनर आणला होता. त्याला एक वेगळा ब्रश, खास कुत्र्याचे केस ओढायला. त्यांचा रॉकी म्हणजे पांढरं केसाळ धूड. गालिच्यावर रोज एक नवीन कुत्रा होईल एवढे केस गाळायचा.

ब्रशच्या पोटात आडवा रूळ. एक मोटर, एक रबरी पट्टा. चालू केला की रूळ गरगर फिरायचा.

साहेबांच्या बाई एकदा म्हणाल्या होत्या, "वत्सला, हा इथे मिळत नाही हं. मोडलास तर खोली रिकामी करायची."

त्या हसल्या. वच्छी नाही हसली.

एक दिवस साहेब आणि बाई बारामतीला गेले. संध्याकाळी चहाला पाहुणे येणार होते. वच्छी गालिचा साफ करत होती आणि ब्रश अडकला. घरघर केली, जळका वास सोडला आणि गप्प झाला. तेवढ्यात लाईटही गेली.

"कौसे, ये गं हिकडं. मेले मी."

उलटा करून बघितला तर रूळ दिसेना, नुसती केसांची गादी. मी चाकूच्या टोकानं स्क्रू काढले. वच्छीनं ब्लेडनं ते केस चिरले आणि चिमटी चिमटीनं ओढून काढले. शेवटी पट्टा हातात आला. तुटलेला.

ती रडायच्या बेतात. मी म्हटलं, "रडून रबर उगवतंय व्हय?"

तिच्या नवऱ्याच्या सायकलची फुटकी ट्यूब होती. कात्रीनं तिचं एक वळं कापलं आणि पट्ट्याच्या जागी ताणून बसवलं. पहिल्यापेक्षा घट्ट बसलं. आम्हाला केवढा आनंद.

आता एक सांगते. आमच्याकडं लाईट गेली की बटन कुणी बंद करत नाही. चालूच ठेवायचं, म्हणजे लाईट आली की कळतं. विहिरीवरची मोटरसुद्धा माणसं तशीच सोडून येतात.

लाईट नाही म्हणजे मशीन मेलेलं. आम्ही एवढंच धरून चाललो होतो.

वच्छी वाकून रूळ सरळ बसला का ते बघत होती. तिची वेणी मांडीपर्यंत यायची. ती खांद्यावरून पुढं घसरली.

लाईट आली.

मशीन ओरडतंय का वच्छी, कळेना. ब्रश उड्या मारत तिच्या डोक्याकडं चढत गेला. रॉकी भुंकत सुटला. मी वायर धरून हिसडा मारला, तेव्हा कुठं प्लग निघाला.

ब्रश तिच्या कानाला चिकटला होता. कातडी ओढून डोळा तिरका झालेला. मूळचा पट्टा असता तर घसरला असता, तुटला असता. आमच्या ट्यूबनं सोडलंच नाही.

मी खलबत्त्यातला बत्ता आणला. "फोडते ह्याला."

"न्हाय! ब्रशला हात लावू नको कौसे. खोली जाईल. पोरगी ल्हान हाय माझी."

"मग डोकं देतीस व्हय त्याला?"

"केस काप."

"येडी हायस का? नवरा जित्ता हाय तुझा. सासू काय म्हनंल?"

"काप म्हनते न्हवं!"

माझा हात उचलेना. तिनंच चाचपत कात्री शोधली आणि कानाजवळ चालवली. वेणी जाड. एका दमात तुटेना. तो करकर आवाज मला अजून नको वाटतो.

मला वाटलं, आता तरी बसेल. कुठली बसतीय. तसंच ब्लेड घेतलं आणि त्या रुळावरून स्वतःचेच केस उपटायला लागली. पांढऱ्यात एक काळा दिसता कामा नये.

फाटकात गाडी वाजली. मी बाईंना दारातच धरलं. पोहे किती भिजवू, साखर गुळाच्या डब्यामागं आहे का, काहीही विचारत सुटले.

बाई आत आल्या तेव्हा गालिचा स्वच्छ, ब्रश स्वच्छ, वच्छीच्या डोक्यावर घट्ट पदर.

"वा वत्सला! नव्यासारखा केलास की. आता दर आठवड्याला तूच साफ करायचास."

"व्हय बाई."

पदराखालून मानेवर रक्ताचा ओघळ येत होता. बाईंना दिसला नाही.

सासू मात्र खूश. "सून आता कुठं डोईवर पदर घ्यायला शिकली." केस वाढेपर्यंत वच्छीनं तो झोपेतसुद्धा पडू दिला नाही.

आणि ब्रश दर आठवड्याला साफ केला. आधी प्लग काढून माझ्या हातात द्यायची. "धरून बस कौसे. सोडू नको." मी चुलीवरची कामं टाकून प्लग धरून बसायची. तरी ती दोनदोनदा वळून बघायची, प्लग माझ्याच हातात आहे ना.

काल कुणीतरी सांगितलं, शेवटचे काही दिवस तिला दवाखान्यात मशीन लावलं होतं. नळ्या, वायरी, सारखा आवाज.

तेव्हापासून हे लिहायला बसले आहे.

वच्छे, जा बाई. भिऊ नको.

बाकीच्यांनी खाली हात जोडलेली चित्रं टाकू नका. सुनीता, तू सांगायचं. मशीन लावलं तेव्हा ती शुद्धीत होती का, आणि जवळ कोण होतं? लिहून नको. फोन कर. तूच कर, नवऱ्याला करायला लावू नको.