न कुरकुरलेलं दार

सागवानी चौकट, दोन झडपा, उंबरठा, सहा बिजागऱ्या आणि पितळी कडी. मंदाकिनीताईंच्या नाटकासाठी हे सगळं मी माझ्या हातानं केलं. कडीसुद्धा विकतची नाही, ठोकून घडवलेली. सुतारकाम मला कुणी शिकवलं नाही. बघत, चुकत शिकलो. म्हणूनच एक सूतही इकडचं तिकडं झालेलं मला खपत नाही.

नऊ वर्षांपूर्वी ताई शिवाजी पेठेतल्या माझ्या कारखान्यात प्रथम आल्या. शाळेतून निवृत्त झाल्या होत्या आणि स्वतः लिहिलेलं नाटक बसवत होत्या. दार हवं म्हणाल्या. मी म्हटलं, "नाटकाचं व्हय? प्लायवूडचं उद्या देतो की."

"मग माझ्या नाटकातली पोरगी काय ढकलणार, कागद? मिस्त्री, उघडायला जोर लागला पाहिजे."

त्याच दिवशी मला या बाई पटल्या.

नाटक होतं साखर कारखान्याच्या चेअरमनच्या मुलीचं, राजेश्वरीचं. पहिल्या अंकात ती दाराला हातच लावत नाही. मोलकरीण गंगू उघडते, मग बाईसाहेब बाहेर पडतात. दुसऱ्या अंकात राजेश्वरीची कानातली कुडी हरवते, आळ गंगूवर येतो, तिला कामावरून काढतात. कुडी नंतर राजेश्वरीच्याच कपाटात सापडते, पण ती तोंड उघडत नाही. तिसऱ्या अंकात भर दुपारी, वडील आरामखुर्चीत झोपलेले असताना, ती गंगूला आणायला निघते आणि पहिल्यांदा स्वतः दार उघडते. दार कुरकुरतं, ती दचकते आणि पळत सुटते. पडदा.

ही कुरकुर ताईंनी तालमीत हेरली होती. पावसाळी हवेनं बिजागऱ्या आवळल्या होत्या. राजेश्वरी करणाऱ्या सायलीकडून त्यांनी ते दचकणं पन्नासदा करून घेतलं. मी तालमींना जात नसे, त्यामुळे मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. प्रयोगाच्या सकाळी दार उभं करताना आवाज ऐकला आणि मान खाली गेली. माझं दार आणि कुरकुरतंय? शिलाई मशीनचं तेल घेतलं आणि सहाही बिजागऱ्या मऊ केल्या. कुणाला विचारलं नाही.

तिसरा अंक. सायलीनं जोर लावला, दार लोण्यासारखं उघडलं. आवाज नाही. दचकायला काही कारणच उरलं नाही. पोरगी उंबरठ्यावर थबकली. मी विंगेत उभा, शेजारी ताई. त्या पुटपुटल्या, "दाराला काय झालं?"

खेळ आता बुडाला, असं वाटलं.

सायली मागं वळली. वडिलांच्या खुर्चीपाशी आली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आबा, उठा. कुडी माझ्याकडंच होती. मला कळलं होतं आणि मी गप्प बसले. गंगूला आणायला तिच्या गावी, नेसरीला चाललेय. चोरून नाही, सांगून." मग सावकाश चालत बाहेर पडली. सभागृहात टाळ्या थांबेनात.

पडद्यामागं सगळे विचारत होते, दाराला कुणी हात लावला? पोरीनं नुकतंच सगळ्यांदेखत कबूल केलं होतं, तेव्हा मला गप्प बसवेना. म्हटलं, "मी. तेल घातलं."

"मिस्त्री, अक्कल हाय का न्हाय!" एक नट ओरडला.

ताई पुढे झाल्या. "त्यांना सांगायचं मीच विसरले. चूक माझी. आणि राजेश्वरीही मला आज कळली. मी तिला पळवत होते. तिला सांगून जायचं होतं." पुढच्या प्रत्येक प्रयोगात सायलीचीच वाक्यं राहिली, आणि ती कुणाची, हे ताई दर वेळी आवर्जून सांगतात. मोठ्या घरची मुलगी मोठी कशी होते, हे त्यांनी लिहिलं; आपली चूक चारचौघांत कबूल कशी करावी, हे त्यांनी जगून दाखवलं.

ताईंना उदंड आयुष्य लाभो, गुडघे साथ देवोत आणि तालमीतला त्यांचा आवाज असाच गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येवो. दार त्यांच्या तालमीच्या खोलीत उभं आहे. प्रत्येक प्रयोगाआधी तेल मीच घालतो, आता विचारून. गेल्या महिन्यात हायवेवरच्या एका हॉटेलचे मालक ते मागायला आले होते. म्हटलं, "पावणं, त्या दारातनं अजून पोरी बाहेर पडायच्या हायत." एक लाख चाळीस हजार देत होते.