मधोमध बसलेला कोबाल्ट

लाल औषधाची बारीक कुपी बोटांत धरून सर ती खिडकीच्या उजेडात फिरवायचे आणि विचारायचे, "मधी कोन बसलंय, सांगा!"

"कोबाल्ट!" मुलं ओरडायची.

कर्जतच्या कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवायचे, मी प्रयोगशाळेत सहायक. कुपीत बी-बारा जीवनसत्त्व असायचं. "पानात मॅग्नेशियम, रगतात लोखंड, आन् हितं कोबाल्ट. चार नायट्रोजननी चारी बाजूंनी धरलेला. झाडाला हे बनवता येत न्हाई, आपल्यालाबी न्हाई. गाईच्या पोटातले जिवाणू मात्र चाऱ्यातला कोबाल्ट घेऊन गुपचूप बनवत्यात." हे सांगताना त्यांचा चेहरा असा खुलायचा, जणू त्या जिवाणूंना त्यांनीच शिकवलं होतं.

एका वर्षी सरांची चाल बदलली. पाय फाकवून चालायचे, वळताना भिंत धरायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "मुंग्या येत्यात जरा. उभं राहून." वर्गात शब्द आठवेनात. शिक्षकांच्या खोलीत कुजबुज कशी वाढते, हे तुम्हीही पाहिलं असेल. माळकरी माणूस, तरी लोक म्हणाले, "घेतात वाटतं." मीही त्यांच्यासोबत हसलो.

मग प्रात्यक्षिकाच्या तासाला त्यांच्या हातून ॲसिडची बाटली निसटली. कुणाला लागलं नाही. मी प्राचार्यांकडे जाऊन म्हणालो, "सर शुद्धीत नसतात." त्यांच्या तोंडाला कधीच वास आला नव्हता, हे मला माहीत होतं. सरांची प्रात्यक्षिकं बंद झाली.

काही महिन्यांनी सरांच्या मुलीनं त्यांना नगरला डॉक्टरांना दाखवलं. रक्तात बी-बारा जवळजवळ नव्हतंच. दोन्ही वेळा दूध पिणारा माणूस, पण त्यातलं बी-बारा पोटात शोषलंच जात नव्हतं. इंजेक्शनं सुरू झाली, शब्द परत आले. पायांच्या नसांना मात्र उशीर झाला होता.

गेल्या वर्षी सर गेले. त्याआधी एकदाच मी त्यांच्या वस्तीवर गेलो.

"सर, मी खोटं बोललो होतो."

"बाटली पडली हे खरं हुतं की." सर म्हणाले, "पन आदी मलाच इचारायचं. मुंग्या, जिभेची आग, समदं सांगितलं असतं तुमाला. सांगता सांगता मलाच कळलं असतं."

निघताना ते फाटकापर्यंत आले. पायांकडे बघितल्याशिवाय त्यांना जमीन कळत नव्हती. गाडी सुरू करून मी मागे वळलो. त्यांनी हात हलवला, नजर खालीच ठेवून.